नातीच्या नावाचा बोळा

त्या दिवशी सकाळपासून प्रोफिराच्या पायाला भिंगरी लागली होती. अंगण झाडून झालं. मग पुन्हा झाडलं. कोंबड्यांनी ते उकरलं म्हणून कोंबड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून आणखी एकदा झाडलं. मधूनमधून फाटकापर्यंत जायचं, खाली रस्त्यावर धूळ उठते का बघायचं आणि परत येऊन चुलीवरच्या प्लाचिंता उलटायच्या. चीज भरलेल्या त्या पोळ्यांतल्या दोन करपल्या. तिच्या हातून प्लाचिंता करपली असं गावात कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

शहरातल्या विद्यापीठातली बाई येणार होती. ज्या मुलांचे आईबाप परदेशात कामाला आहेत त्यांचं कसं चाललंय, ती झोपतात कशी, जेवतात कशी, शाळेत रमतात का, याचं संशोधन चालू होतं. गावात अशी मुलं ढिगानं. कुणाची आई इटलीत, कुणाचा बाप जर्मनीत, आणि घरोघर म्हाताऱ्या पोरं सांभाळतायत. प्रोफिराची लेक लोरेदाना, म्हणजे तिच्या नातीची, देलियाची आई, इस्टर झाल्यावर इटलीला गेली, एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला. देलियाचा बाप त्याआधीच निघून गेला होता. तो कुठल्या देशात आहे हे कुणाला माहीत नव्हतं आणि प्रोफिराला जाणून घ्यायचंही नव्हतं.

संशोधन हा शब्द लोरेदानाने फोनवर दोनदा नीट उच्चारून सांगितला होता. "आई, नुसते प्रश्न विचारणार. मी हो म्हटलंय. मुलांच्या भल्याचंच आहे."

प्रोफिराने तो शब्द ऐकला आणि आपल्या परीने त्याचा अर्थ लावला. संशोधन म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे संरक्षणवाले.

बालसंरक्षणवाले म्हटलं की गावातलं रडणारं पोर चूप होतं. बागुलबुवाला कुणी पाहिलेलं नाही, संरक्षणवाल्यांना मात्र पाहिलंय. वरच्या आळीतल्या आजोबांकडून ते दोन नातवंडं घेऊन गेले, कारण आजोबा पीत होता. हे खरं कारण. पण गावात वेगवेगळी कारणं फिरत होती, त्यातलं एक असंही होतं की घरात पडदे मळलेले होते. प्रोफिराने पडदे उतरवून धुतले होते. पण एक गोष्ट धुऊन निघणारी नव्हती. परदेशी जाताना मुलाला कुणाकडे ठेवलं हे पंचायतीत जाऊन रीतसर नोंदवावं लागतं, तसा कायदाच आहे. लोरेदाना नोंद न करता गेली होती. जागा हातची जाईल म्हणून एका रात्रीत पिशवी भरून बसमध्ये बसली. तेव्हा कागदाच्या हिशेबाने देलिया कुणाकडेच नव्हती. सरकारने उद्या येऊन विचारलं, "म्हातारे, ही पोर तुझ्याकडे कशी?" तर प्रोफिरा काय सांगणार? पोटच्या पोरीची पोर आहे, एवढंच.

गाडी आली. उतरलेली बाई अपेक्षेपेक्षा लहान निघाली, बुटांना चिखल लागला तरी कुरकुर न करणारी. नाव रुक्सांद्रा. प्रोफिराने तिला थोरल्या खोलीत बसवलं. या खोलीत एरवी कुणी बसत नाही. गालिचे, भरतकामाचे टॉवेल, उशांची उतरंड, सगळं तिथे, फक्त ऊब नाही. दहा मिनिटांत बाईचं नाक लाल झालं.

"आजी, आपण स्वयंपाकघरात बसलो तर?"

"छे! स्वयंपाकघरात पाहुणे बसवतात होय?"

"मी पाहुणी कुठे. मी कामाला आलेय."

हेच नको होतं. प्रोफिराने आणखी एक प्लाचिंता तिच्या ताटलीत लोटली. खाणारं तोंड कमी विचारतं, असा तिचा अनुभव.

देलिया मात्र खूश. नऊ वर्षांची, समोरच्या दातांत फट, आणि आपल्याला बघायला शहरातून कुणी आलंय या आनंदात सगळी उत्तरं मोठ्यानं देणारी. शाळा आवडते. गणित आवडत नाही. आई रोज फोन करते, तिथल्या म्हातारीचं जेवण झालं की. वाईट वाटलं तर आजीला सांगते. आजी नसली तर तपकिरी कोंबडीला.

"आणि झोप लागते का?"

"हो! आजी मला..."

"पुरे गं, किती बडबड!" प्रोफिरा मध्येच म्हणाली. "बाईंना मध दे. जा, मध आण."

रुक्सांद्राने मान वर करून बघितलं आणि खाली घातली.

मग बाईने पिशवीतून छोट्या प्लास्टिकच्या नळ्या काढल्या. प्रत्येक नळीत कापसाचा एक बोळा. देलियाने तो तोंडात धरून चघळायचा, ओला झाला की परत नळीत. सकाळी उठल्याउठल्या एक, न्याहारीच्या आधी एक आणि झोपताना एक. असं दोन दिवस. नळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, ती येऊन घेऊन जाईल.

"थुंकी?" प्रोफिरा म्हणाली. "थुंकी कशाला?"

"शरीरात एक रस असतो, आजी. सकाळी तो चढतो, माणसाला अंथरुणातून उठवतो. दिवसभर उतरत जातो, रात्री तळाला जातो, मग झोप येते. जिवाला घोर असला की हा चढउतार बिघडतो. थुंकीत ते कळतं."

"थुंकीत सगळंच कळतं का?"

"सगळं नाही," रुक्सांद्रा हसली. "पण आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं."

हे वाक्य तिने गमतीनं टाकलं. प्रोफिराने ते उचललं आणि बाई गेल्यावरही खाली ठेवलं नाही.

कारण असं होतं. आई गेल्यावर पहिले काही आठवडे देलिया रात्री उठून रडायची. तेव्हा प्रोफिराने माळ्यावरून खसखशीची सुकी बोंडं काढली आणि त्यांचा काढा करून पोरीला दिला. थोडासाच. प्रोफिराच्या आईने तिला दिला होता, तिने लोरेदानाला दिला होता, या गावात निम्मी माणसं त्यावरच झोपून मोठी झालेली. दवाखान्यातली नर्स ओरडते, हे विष आहे म्हणते, पोरं झोपेत श्वास घ्यायची थांबतात म्हणते. म्हणून आताशा कुणी बोलून दाखवत नाही. देलियाचं रडणं केव्हाच थांबलं होतं. काढा मात्र थांबला नव्हता. रोज नाही. पण गेल्या शनिवारीच दिला होता.

ती तशीच, एप्रन न सोडता, कुंपणापलीकडे तासियाकडे गेली. तासिया अक्रोड सोलत बसली होती, बोटं काळी.

"काय गं, संरक्षणवाली गेली?"

"विद्यापीठातली होती."

"असं त्या म्हणतातच."

"तासिया, तुझ्या पोराला, कोस्तेलला, गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं होतं, तेव्हा काय काढलं होतं त्याच्यातून? रक्त?"

"रक्त नंतर. आधी थुंकी. काडी तोंडात घातली अन् यंत्र म्हणालं, हा अफू खातो! माझा कोस्तेल! त्याने खसखशीचा कोझोनाक केक खाल्ला होता, लग्नातला. चांगल्या दोन मोठ्या फोडी." तासियाने एक अक्रोड रागाने फोडला. "पुढे रक्तात काही निघालं नाही, पण तोवर लायसन्स गेलं, गावभर बोभाटा झाला. केकच्या फोडीने माणूस अफूबाज ठरतो बाई, आजकाल थुंकायचीसुद्धा सोय नाही. का गं? तू का विचारतेस?"

"उगीच," प्रोफिरा म्हणाली.

कोस्तेलने त्या लग्नात केक खाल्ला होता की आणखी काही, यावर गावात दोन पक्ष होते. पण प्रोफिराला आज तासियाचा पक्ष पुरा पटला. केकच्या फोडीने असं होतं, तर काढ्याने काय होईल? नकार द्यावा तर लोरेदाना हो म्हणून बसली होती, आणि नकार देणाऱ्याच्या घरातच काहीतरी दडलेलं असतं हे सरकारलाही कळतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. घरी येऊन तिने पहिल्यांदा उरलेली सगळी बोंडं चुलीत घातली. मग फ्रिज उघडून नळ्यांकडे बघत उभी राहिली, इतका वेळ की फ्रिज घुरघुरायला लागला.

थुंकी तर थुंकी. तिच्या तोंडातही होतीच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी देलिया उठली, बोळा मागितला, गाल फुगवून मोठ्या इमानाने चघळला आणि आजीच्या हातात दिला. प्रोफिराने तो चुलीत टाकला. मग परसात गेली, खोटे दात काढून एप्रनच्या खिशात ठेवले आणि दुसरा, कोरा बोळा तोंडात धरला. बाईने वरकड नळ्या ठेवून दिल्या होत्या, हरवल्याबिरवल्या तर म्हणून. कापूस हिरड्यांना लागत होता. थुंकी सुटता सुटेना, भीतीने तोंड कोरडं पडलेलं. तिने लिंबाचा विचार केला. मग आंबवलेल्या कोबीचा.

"आजी, तू काय खातेस?" देलिया दारात उभी.

"दाढ दुखतेय."

"तुला दाढ कुठाय?"

"होती तिथे दुखतेय! जा, दप्तर भर."

झोपताना पुन्हा तेच. दोन दिवसांत प्रोफिराने जेवढं खोटं केलं तेवढं तिने पुऱ्या आयुष्यात केलं नसेल. निदान तिला तसं वाटलं. कोपऱ्यातल्या मरियामातेच्या तसबिरीकडे तिने पाठ केली, आणि बोळा नळीत घालून झाकण लावलं. नळीवर देलियाचं नाव होतं.

त्या दिवसांत एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि ती तिला अजिबात आवडली नाही. काढा बंद होऊनही देलिया ढाराढूर झोपत होती. उशीला डोकं टेकलं की संपलं. मग इतके महिने काढा कुणासाठी होता? पोर गाढ झोपलीय, आता हिचं आपल्या हातून काही चुकणार नाही, सकाळपर्यंत तरी नाही, या खात्रीसाठी? प्रोफिरा तिच्या श्वासाला कान लावून पडायची. पहाटे कोंबडा आरवला की उठायची, पण त्यासाठी जागं व्हावं लागायचं नाही, कारण ती जागीच असायची. म्हाताऱ्यांना झोप कमीच असते, असं ती स्वतःला सांगायची.

नळ्या गेल्या. द्राक्षं गाळून झाली, पिंपात रस फसफसायला लागला. प्रोफिराला कुठे बसवेना. विणायला घ्यावं तर टाके गळायचे, चर्चमध्ये उभं राहावं तर प्रत्येक मोटारीच्या आवाजाने मान वळायची. देलियावर उगाच ओरडायची आणि मग तिला बळंच खाऊ घालायची. "अगं, पोरीला चारतेस की डुकराला?" असं तासियाने विचारलं, तर तिच्याशी दोन दिवस अबोला धरला.

नाताळच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाला सुरुवात झाली आणि रुक्सांद्रा न कळवता आली. या खेपेला प्रोफिराला थोरल्या खोलीचं भानच राहिलं नाही. दोघी स्वयंपाकघरात, चुलीपाशी बसल्या. देलिया शाळेत होती.

"आजी, एकेका मुलाचं आम्ही असं घरी येऊन सांगत नाही," बाई म्हणाली. तिने कोट काढला नव्हता. "आणि दोन दिवसांच्या थुंकीवरून काही सिद्धही होत नाही. पण हे बघून मला राहवेना. इतकी मुलं तपासली, असं कुणाचंच आलं नाही."

प्रोफिराने टेबलाची कड धरली. खसखस, तिला वाटलं. माझ्याही थुंकीत खसखस निघाली.

"सकाळी तिचा रस चढतच नाही. रात्री उतरत नाही. दिवसभर एकसारखा, सपाट. ज्यांनी वर्षानुवर्षं ओझं वाहिलंय, ज्यांना विसावा म्हणून मिळालेला नाही, अशा माणसांत आम्हाला हे दिसतं. मोठ्या माणसांत." रुक्सांद्राने आवाज खाली आणला. "नऊ वर्षांच्या पोरीत नाही हो, आजी. ती रात्रीची खरंच झोपते का?"

"दगडासारखी झोपते!" प्रोफिरा म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

"आपल्याला तसं वाटतं. मुलं डोळे मिटून पडून राहतात. आजीला त्रास नको म्हणून."

ही शहाणी बाई प्रोफिराच्याच विषयी बोलत होती, तिच्या तोंडावर, आणि नाव देलियाचं घेत होती. वर्षानुवर्षं ओझं. विसावा नाही. असं आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं. एक क्षण तिला वाटलं, बोलत राहा बाई, आणखी सांग.

"मी लोरेदानाशी बोलले," रुक्सांद्रा म्हणाली. "आई म्हणून तिला कळायला हवं होतं. ती खूप रडली."

संध्याकाळी फोन आला. पडद्यावर लोरेदानाचे डोळे सुजलेले. नाताळला येतेय. देलियाला घेऊन जाणार. म्हातारीच्या लेकाने मागची खोली द्यायचं कबूल केलंय, तिथल्या शाळेचंही बघतो म्हणालाय. "माझं चुकलं, आई. पोर आतल्या आत जळतेय आणि मी फोनवर विचारते, जेवलीस का! तुझा काही दोष नाही. तू तुझ्याकडून सगळं केलंस."

तू तुझ्याकडून सगळं केलंस. मेलेल्या माणसाविषयी असं बोलतात.

संरक्षणवाले पोर नेतील म्हणून प्रोफिराने हा सगळा उपद्व्याप केला होता. आता पोर चालली होती ती तिच्याच थुंकीच्या जोरावर, आणि न्यायला येत होती तिचीच लेक. आपलेच दात अन् आपलेच ओठ, फक्त दात तेवढे खोटे. सांगावं तर काढ्याचं सांगावं लागणार, फसवणुकीचं सांगावं लागणार. मग विद्यापीठ काय, संरक्षण काय, सगळेच दारात. आणि त्याहून वाईट एक विचार होता, जो ती मनातून हाकलत होती आणि तो मांजरासारखा परत येत होता: पोर आईपाशी गेली तर बरंच नाही का? मग आपल्याला एवढं का तुटतंय?

देलियाने इटलीची बातमी ऐकली आणि घरभर उड्या मारल्या. आईपाशी! समुद्र आहे म्हणे तिथे! त्याच आठवड्यात तिने पलंगाखालची बॅग ओढून काढली आणि भरायला लागली. प्रोफिरा दारातून बघत होती. बॅगेत देलियाचा लाल स्वेटर गेला. रंगपेटी गेली. मग प्रोफिराची लोकरीची शाल गेली, तिची गुडघ्याला लावायची मलमाची डबी गेली.

"हे काय चालवलंयस?"

"तुझं सामान. तुझे दात कशात ठेवायचे गं? पेल्यात ठेवले तर बसमध्ये पाणी सांडेल."

"मी कुठे येतेय, देलिया?"

पोरीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं, आजी गंमत करतेय असं समजून. मग ते गेलं.

"मग कोण येतंय?"

"तू. एकटी. आईकडे."

"आणि तू?"

"मला कोंबड्या आहेत."

देलियाने शाल बॅगेतून काढली नाही. तिने बॅग तशीच उघडी टाकली, कपाटामागे जाऊन बसली आणि हाका मारल्या तरी बाहेर येईना. जेवली नाही. त्या रात्री, आई गेल्यानंतरच्या त्या पहिल्या आठवड्यांनंतर, ती पुन्हा उठून रडली. प्रोफिराचा हात सवयीने माळ्याकडे गेला. माळा रिकामा होता. मग तिने पोरीला पोटाशी घेतलं आणि सकाळपर्यंत धरून ठेवलं. तिला आता भीती वाटत होती ती वेगळीच: आपण खोटं दाखवलेलं दुखणं आपणच खरं करतोय.

दुसऱ्या दिवशी देलिया शाळेत गेल्यावर तिने फोन हातात घेतला. एरवी फोन लोरेदाना करायची. कुठलं बटण दाबायचं ते प्रोफिराला देलियाने शिकवलं होतं, पण तिने कधी दाबलं नव्हतं. दुपार होती. पडदा उजळला. लोरेदाना कुठल्याशा अर्धवट अंधाराच्या खोलीत बसली होती.

"आई? काय झालं? देलिया...?"

"देलियाला काही झालं नाही. तिला काही झालेलंच नाही. ती थुंकी माझी होती."

"काय?"

"बोळे. मी चघळले. तिचे मी चुलीत घातले. त्या बाई यायच्या आदल्या शनिवारी मी तिला खसखशीचा काढा दिला होता, थुंकीत निघाला असता, तासियाच्या कोस्तेलचा निघाला तसा, अन् संरक्षणवाले आले असते. तू नोंदसुद्धा करून गेली नाहीस! मग मी काय करणार होते? मी दात काढून परसात बसून चघळत होते, कळलं? माझी आहे ती सगळी. तिला नेऊ नकोस त्याच्यासाठी. न्यायचं तर ने, तुझी पोर आहे, पण ती आजारी आहे म्हणून नेऊ नकोस. ती काल रडली. आता मी सांगितलं, आता मला काय बोलायचं ते बोल."

लोरेदाना आधी हसली. हसू दाबायला तिने तोंडावर हात ठेवला, खांदे हलत होते. "दात काढून! परसात! आई गं!" मग म्हणाली, "काढा? आई, काढा? मारशील की पोरीला!"

"जाळली सगळी बोंडं."

"विद्यापीठातल्या बाईंना मी सांगते. सगळं सांगणार आहे, काढ्याचंही. त्या काही पोलीस नाहीत. नोंदीचं मी आल्यावर करते, माझी चूक आहे ती, मीच निस्तरते. आणि देलियाला..." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. "आई, थांब. मग ते... त्या बाई जे म्हणाल्या. विसावा नाही. रात्रीसुद्धा उतरत नाही. ते तुझं?"

प्रोफिराने एप्रन सरळ केला. "म्हाताऱ्यांना झोप कमीच असते."

"कधीपासून झोपली नाहीस तू?"

"झोपते की. मधूनमधून."

"आई. कधीपासून?"

"तू इथून गेलीस ना," प्रोफिरा म्हणाली. तिला रडायचं नव्हतं. या फोनवर रडायचं नाही असं तिने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, परदेशी राबणाऱ्या लेकीला रडकं तोंड दाखवू नये. पण आता ते तोंड पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिलाच दिसत होतं, आणि ते रडत होतं.

पलीकडे खोलीत कुणीतरी कण्हलं. लोरेदाना मान वळवून इटालियनमध्ये हळूच काही बोलली. तेव्हा प्रोफिराला दिसलं की लेकीचा दुसरा हात पलंगावर आहे आणि त्या हातात एक सुरकुतलेला हात आहे.

"कोण आहे?"

"म्हातारी. दुपारी हात धरला नाही तर झोपत नाही ती." लोरेदाना म्हणाली. "मी रोज इथे बसते, आई. ही झोपेपर्यंत. परक्या म्हातारीचा हात धरून."

तिकडची म्हातारी झोपेत काहीतरी पुटपुटली.

"नाताळला येतेय मी," शेवटी लोरेदाना म्हणाली. "पोर कशी आहे ते माझ्या डोळ्यांनी बघते, न्यायचं की नाही ते तिला विचारून ठरवू. तुला डॉक्टरकडे नेणार आहे, नाही म्हणू नकोस. आता एक कर. फोन ठेवू नकोस. उशीला टेकवून उभा कर आणि आडवी हो."

"भर दुपारी? लोक काय म्हणतील? अन् कोंबड्यांना दाणे..."

"आडवी हो, आई. मी आहे इथे. तुझ्या श्वासाकडे मी बघते."

प्रोफिरा कुरकुरली. दुपारी आडवं होणं हे आजारी माणसाचं नाहीतर आळशाचं काम, आणि आपण दोन्ही नाही, असं तिने ऐकवलं. मग बूट न काढताच ती पलंगाच्या कडेला टेकली, पाच मिनिटं म्हणून.

देलिया शाळेतून आली तेव्हा फाटक उघडं होतं, चूल विझलेली होती आणि कोंबड्या ओट्यावर चढल्या होत्या. असं कधी होत नसे. ती धावत आत गेली. आजी पलंगावर आडवी, तोंड उघडं, बूट गादीवर, आणि घोरण्याचा आवाज थोरल्या खोलीपर्यंत जाईल एवढा. उशीपाशी फोन उभा होता. त्यात आई दिसत होती, एक हात कुणाच्या तरी हातात दिलेला. देलियाला बघताच आईने दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

देलियाने मान हलवली. दप्तर आवाज न करता खाली ठेवलं, आजीच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मग, कोंबड्यांना दाणे टाकायला, चवड्यांवर चालत बाहेर गेली.